टेलफरची खुर्ची

मेजर टेलफरने बिडलच्या हातातली खुर्ची हिसकावून घेतली आणि टेबलापाशी होती तिथेच दाणकन आपटली.

"राहू दे."

"पण साहेब, सकाळी विमान घेऊन गेलेली जोडी परतली नाही..." बिडल चाचरला. मेसचा हा म्हातारा वाढपी गेलं वर्षभर न परतलेल्यांच्या खुर्च्या जेवणाआधी उचलत आला होता. रिकामी जागा दिसली की उरलेल्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, म्हणून टेलफरनेच ही पद्धत घालून दिली होती.

"एकदा सांगितलं ना, राहू दे! पाहुण्यांनाही दिसू दे ती."

समोर कर्नल ग्रेशम सावकाश सूप पीत होते. टेलफरच्या बढतीचं पत्र घेऊन ते आले होते आणि सोबत हुकूमही होता. जर्मन तोफांचे विमानातून काढलेले फोटो दुपारी चारच्या आत हवेतच. त्याच फोटोंसाठी गेलेलं विमान सकाळी खंदकांपलीकडे जळत कोसळलं होतं.

"कोणाला पाठवू, सर?" टेलफरचा आवाज चढला. "बाकीचे सगळे दुसऱ्या कामगिरीवर आहेत. उरलाय तो लेसी. कालच आलाय. आयुष्यात सगळे मिळून अकरा तास उडालाय! त्याला पाठवण्यापेक्षा इथेच गोळी घाला. मी जातो."

"स्क्वाड्रनच्या, विमानांच्या तुकडीच्या, प्रमुखाने शत्रूच्या हद्दीत जायचं नाही. नियम आहे."

"खड्ड्यात गेला नियम!"

"तुझाच आहे, एडगर. मुख्यालयात असताना तूच लिहिलास. त्याच्यामुळेच आज जिवंत आहेस."

टेलफरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एका महिन्यात तीन प्रमुख गेले, तेव्हा त्याने तो नियम लिहिला होता आणि त्यासाठी पाठही थोपटून घेतली होती. प्रमुखाच्या ऐवजी कोण जाणार, हा प्रश्न तेव्हा त्याच्या डोक्यातही आला नव्हता. त्याला स्वतःचा इतका संताप आला, की कर्नलवरचा राग त्यापुढे काहीच नव्हता.

तो उठला. भिंतीवरच्या उड्डाणांच्या फळ्यावर पुढच्या पाळीला लिहिलेलं लेसीचं नाव त्याने बाहीने खसाखसा पुसलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं.

"मग हे पत्र मला परत न्यावं लागेल," कर्नल म्हणाले.

"न्या."

दारात तो थांबला. "बिडल, माझीही खुर्ची आत्ताच उचल. रात्री पोरांना नीट जेवू दे."

थोड्या वेळाने मैदानावर इंजिन धडधडलं. कर्नल पत्र खिशात घालून, सूप अर्धं टाकून उठले. बिडलने मेजरांची खुर्ची उचलली आणि दारापर्यंत नेली. आवाज दूर जाईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग त्याने ती परत आणून जागच्या जागी ठेवली आणि तिच्यासमोर एक स्वच्छ ताटली मांडली.