अदालतीत गेलेलं ओगराळं

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. मार्गशीर्षातली अमावस्या आहे, असं समजा. ज्वारी कणसात आली आहे, हरभऱ्याने घाटे धरले आहेत आणि सगळं गाव शेतात उतरलं आहे. गावात राखणीला राहिली आहेत ती फक्त कुत्री. शेतात कडब्याची खोप आहे. खोपीत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले आहेत आणि त्यांच्यापुढे मातीच्या मडक्यात ताक आणि ज्वारीच्या पिठाची गार आंबील आहे. आता त्या मडक्याच्या तोंडाशी बघा. तिथं टेकून बसलेला तो मी.

मी एक जुनं ओगराळं आहे. नारळाची अर्धी करवंटी आणि तिला बसवलेला बाभळीचा दांडा, एवढाच माझा देह. आंबील आंबट असते, तांब्या-पितळेत ती कळकते, म्हणून तिला करवंटीचं ओगराळंच लागतं. मुरुमजवळच्या एका गावात या शेताचे धनी गुरुलिंग यांच्या लग्नात फुटलेल्या नारळातून माझा जन्म झाला. सुताराने काचेच्या तुकड्याने घासून घासून मला असं गुळगुळीत केलं, की गुरुलिंगांची बायको पार्वतम्मा म्हणाली, "ह्याच्यात तोंड दिसतंय की." तेव्हापासून माझी मान ताठ आहे.

या सणाला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवसाचा एक नियम आहे. आपल्या शेतावरून जाणारा माणूस कोणीही असो, त्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही. तो नियम पाळायचं काम माझं. किती पाहुण्यांना मी आंबील वाढली, ते मोजायचं माझ्या मनातही कधी आलं नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. एका येळवशीला गुरुलिंगांनी सडकेच्या कडेला गाडी सोडली. पार्वतम्मा आणि नऊ वर्षांची महानंदा मडकं घेऊन खोपीत आल्या. गुरुलिंग बैल दावणीला बांधून गाडीतला कडबा काढायला परत गेले. एवढ्यात उतारावरून कापसाने भरलेली एक लॉरी आली. ती थांबेचना. गाडीवर धडकली, गाडी उलटली आणि गुरुलिंगांचा पाय चाकाखाली सापडला.

शेताशेतांतून माणसं धावली. गुरुलिंगांना उचलून खोपीत निजवलं. दवाखान्यात न्यायला दुसरी गाडी जुंपेपर्यंत थांबणं भाग होतं. लॉरीचा ड्रायव्हर धुळाप्पा पळून गेला नाही. बांधावर तो हात जोडून उभा होता. कोणी त्याला शिव्या दिल्या, कोणी काठी उगारली.

गुरुलिंगांनी दात आवळून विचारलं, "त्यो जेवलाय का?"

"कोण?" पार्वतम्माला कळेना.

"डायवर. आज येळवस हाय. आपल्या शेतातनं उपाशी माणूस जायचा न्हाय. महानंदे, आंबील वाढ त्यास्नी."

महानंदाने मला हातात घेतलं. तिने मला काठोकाठ भरलं, पण मी थेंबही सांडू दिला नाही. धुळाप्पा आंबील प्याला आणि रडला.

गुरुलिंगांचा पाय सोलापूरच्या दवाखान्यात वाचला, पण गुडघा वाकेना. नांगर धरायचा कसा? पुढची पेरणी कोण करणार? लॉरीच्या मालकाने निरोप धाडला, "तुम्ही आमच्या माणसाला जेवू घातलंत, म्हणजे मिटलं. आता कसली भरपाई?"

गुरुलिंगांचे थोरले भाऊ मल्लिनाथ कपाळाला हात लावून बसले. "येळवस पाळायला तेवढाच गडी सापडला व्हय रे तुला? आता त्याच आंबलीत बुडलो आपण."

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," गुरुलिंग म्हणाले.

"मग मी चढते," पार्वतम्मा म्हणाली. "मी कुठं शहाणी हाय?"

मल्लिनाथ, पार्वतम्मा आणि महानंदा उस्मानाबादेला गेले. मीही गेलो. अपघातापासून महानंदा मला हातातून सोडत नव्हती. वाटेत मल्लिनाथांनी बजावलं, "वकिलापुढं आंबलीचं नाव काढायचं न्हाय. ध्यानात ठेवा."

पहिल्या वकिलाने काही ऐकून न घेताच सांगितलं, "जिंकलात समजा." पार्वतम्मा उठलीच. बाहेर येऊन म्हणाली, "नाडी न बघता औषध देतोय त्यो." दुसरे उत्तरेश्वरराव वकील. त्यांनी आधी पाणी दिलं, मग लॉरी कुठून आली, बैल कुठं होते, गाडी सडकेवर होती की कडेला, सगळं विचारलं. जिंकण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. शेवटी त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"हे काय आणलंस, पोरी?"

महानंदाने मल्लिनाथांकडे पाहिलं. मल्लिनाथ छताकडे पाहू लागले. मग ती म्हणाली, "ह्येनं म्या डायवरमामाला आंबील वाढली."

मल्लिनाथांनी डोळे मिटून घेतले. वकीलसाहेब मात्र पुढे सरकले. "कोणाच्या सांगण्यावरून?"

"बाबांच्या. येळवस होती म्हणून."

"बरं झालं, इथंच कळलं," उत्तरेश्वरराव म्हणाले. "अदालतीत समोरच्या वकिलाकडून ऐकलं असतं, तर माझी बोबडी वळली असती. मल्लिनाथराव, वैद्यापासून दुखणं आणि वकिलापासून गोष्ट लपवू नये." मग त्यांनी वकालतनामा, म्हणजे वकीलपत्र, पुढे केलं. पार्वतम्माने अंगठा उठवला, कारण गुरुलिंगांनी सगळा कारभार तिच्यावर सोपवला होता.

पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, दिवशी मी टेबलावर होतो. आसपास शाईच्या दौती, जाड कायदे आणि मधोमध मी! गुरुलिंग काठी टेकत आले होते. मालकाचा वकील म्हणाला, "जखमी माणसाने स्वतः मेजवानी दिली. म्हणजे माफी दिली. दावा संपला."

न्याय द्यायला बसलेले मुन्सिफसाहेब हैदराबादेहून आलेले. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "ये येळवस क्या होती है?"

उत्तरेश्वररावांनी समजावून सांगितलं. त्या दिवशी वैऱ्यालाही वाढतात, आणि वाढलं म्हणून वैर संपलं असं कोणी मानत नाही. मग त्यांनी धुळाप्पाला समोर बोलावलं. मालक मागच्या बाकावर मिशा पिळत बसला होता. धुळाप्पाने काय बोलायचं, ते मालकाने घरीच पढवलं होतं.

"धुळाप्पा, तुम्ही आंबील पीत असताना, तुम्हाला माफ केलं, असं गुरुलिंगांनी म्हटलं होतं का?"

धुळाप्पाने तोंड उघडलं आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

"न्हाय साहेब," तो म्हणाला. "पाय मोडलेला माणूस मला वाढा म्हणाला. त्येंची आंबील प्यालोय मी. त्याच तोंडानं लबाड कसं बोलू? लॉरीचं बिरेक लागत नव्हतं. मालकाला कितीदा सांगितलं. ते म्हणाले, कापूस पोचव आधी."

मागच्या बाकावरचा हात मिशीवरून खाली आला.

निकाल गुरुलिंगांच्या बाजूने लागला. औषधपाणी आणि घर चालेल एवढी भरपाई मालकाने द्यावी, असं ठरलं. मल्लिनाथांनी मला उचललं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि म्हणाले, "लई मोठा गवाह हाय बरं का ह्यो." मित्रांनो, त्या दिवशी कोणी मला सोन्याने मढवलं असतं, तरी मी याहून ताठ झालो नसतो.

आता घराघरांत स्टीलचे डाव आले आहेत. मी फडताळात असतो, माझ्या दांड्याला चीर गेली आहे. तरी येळवशीला मला आठवणीने उतरवतात, हे माझं भाग्य. तुमच्याही घरी असं एखादं जुनं भांडं असेल. टाकण्याआधी त्याने कोणाकोणाला वाढलं, ते मोठ्यांना विचारा. आणि अन्याय झाला तर दाद मागायला लाजू नका. माणसाला जेवू घालणं वेगळं आणि आपला हक्क सोडणं वेगळं.

पण त्या दुपारचं थोडं सांगायचं राहिलंच. अदालतीच्या बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली धुळाप्पा एकटा उभा होता. मालकाने त्याला पायरीवरच कामावरून काढलं होतं. येणारे-जाणारे त्याला टाळून पुढे जात होते. गुरुलिंग एका हाताने काठीवर आणि दुसऱ्याने मल्लिनाथांच्या खांद्यावर भार देत गाडीकडे निघाले होते. महानंदा मला घेऊन त्यांच्यामागून चालत होती. ती थांबली. वडिलांच्या पायाकडे पाहिलं, मग झाडाखाली पाहिलं. आणि तडक जाऊन धुळाप्पासमोर उभी राहिली.

"मामा," तिने विचारलं, "तुमाला नांगर धरता येतो का?"