चुळीतला कॅन्सर आणि आसराबाईचा चेक

तीर्थपुरीत त्या मंगळवारी राजानंद महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज काचेच्या पेल्यात कॅन्सर काढून दाखवतात, अशी आवई उठली होती. मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्याच वर्गातली पोरं आयांना घेऊन पुढे बसलेली पाहिली आणि डोकं सणकलं.

महाराज रोग्याची चूळ पेल्यात घेत. त्यात चिमूटभर मीठ, ‘संजीवनी’चे चार थेंब, आणि वरून थर्मासमधलं गार ‘हिमतीर्थ’ अलगद सोडत. बघता बघता पांढरे धागे वर तरंगत.

“बघा, मायक्रो-आरएनएचे वाईट जीन! परदेशात आत्ता कुठं नोबेल मिळालंय त्याला, आपल्या ऋषींनी कधीच उपटून ठेवलेत! भेसळ उपटली की प्लॉट पास!”

हे शेवटचं वाक्य महाराजांनी मोठ्या हुशारीनं निवडलं होतं. समोरच्या निम्म्या बायका बियाण्याच्या प्लॉटवर राबणाऱ्या. वेगळं दिसणारं झाड म्हणजे भेसळ, ते मुळासकट उपटायचं, तरच तपासणीत प्लॉट पास, हेच त्यांचं रोजचं काम. रोगही तसाच उपटता येतो, हे त्यांना लगेच पटलं.

आसराबाई त्यांच्यातलीच. छातीत गाठ, केमोचे दोन डोस झालेले, तिसरा दुसऱ्या दिवशी होता. “आता कशाला जायचं गुरुजी? काल माझे धागे निघाले. म्या डोळ्यानं पाह्यले,” ती मला म्हणाली.

तिची लेक प्रांजली जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये आहे. आईचा निरोप ऐकून ती सकाळीच आली होती. ती उठली.

“महाराज, माझीबी चूळ घ्या.”

“तुला काय झालंय पोरी?”

“कायच न्हाई. म्हणून तर सांगून राह्यले.”

“निरोग्याला हा विधी चालत नाही!”

प्रांजली आईकडे वळली. “माय, तपासणीच्या प्लॉटात शेजारी शुद्ध बियाण्याची ओळ कशाला लावता?”

“तो चेक असतो. ताडून बघायला.”

“मंग इथं चेक कुठंय?”

आसराबाईनं महाराजांच्या पेल्याकडे पाहिलं. मग पदर खोचून उठली, थर्मास उचलला आणि लेकीच्या हातात दिला. “बराबर हाय. चेकबिगर आमचे साहेब ढेकूळबी पास करत न्हाईत. लाव चेक!”

महाराज “कोप होईल” म्हणून ओरडले. “होऊ द्या!” मीही तेवढ्याच जोरात ओरडलो.

प्रांजलीनं मीठ, थेंब, तीर्थ घालताच तिच्या चुळीतही धागे आले. मग तिनं प्रसादाचं केळं पाण्यात कुस्करून तोच विधी केला. त्यात तर बोटभर जाड गुंता वर आला.

“केळ्यालाबी कॅन्सर झाला का महाराज?” मागून कुणीतरी विचारलं आणि मांडव हसला.

“आम्ही लॅबमधी रोज हेच करतो,” प्रांजली म्हणाली. “संजीवनी म्हंजी भांडी घासायचं लिक्विड, त्यानं पेशी फुटतात. तीर्थ म्हंजी गार स्पिरिट, वास घेऊन बघा. त्यात डीएनए वर येतो. तुमचा, माझा, केळ्याचा, सगळ्यांचाच.”

मी फळ्याशिवायच धडा घेतला. मायक्रो-आरएनएची जनुकं खरी आहेत. त्यांच्यापासून बनणारे इवलेसे तुकडे पेशीतल्या इतर जनुकांना आवर घालतात. कॅन्सरमध्ये त्यातले काही कमी पडतात, काही नको तितके वाढतात, आणि पेशी बेलगाम सुटतात. पण हा बिघाड गाठीच्या पेशींमध्ये असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि चूळ भरून बाहेर पडत नाही.

आसराबाईचा हात छातीवर गेला. “म्हंजी गाठ हाय तिथंच हाय?”

“हाय, माय,” प्रांजली म्हणाली.

कुणी हसलं नाही. मला तिच्याकडे बघवेना. तिनं मात्र महाराजांकडे रोखून पाहिलं. “तुमच्यापायी उद्याचा डोस बुडाला असता माझा.” मग लेकीला म्हणाली, “सकाळची पहिली गाडी धरू.”

तिसरा डोस तिनं वेळेवर घेतला. ती बरी होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही, डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. छातीठोक सांगत होते ते फक्त महाराज. म्हणून हात जोडून विनवतो, पेल्यात कुणी काहीही दाखवो, उपचार सोडू नका, आणि आसराबाईसारखं उठून भर मांडवात चेक मागा.