डॉक्टरानं सांगतलेला उपास

साबुदान्याचं नाव काढलं का माह्यं डोस्कं आजही फिरते. लोक म्हनतात, भागीरथाबाई, त्या एवढ्याशा पांढऱ्या दान्यायनं तुमचं काय घोडं मारलं? मी म्हनते, बसा बाप्पा, सांगते.

आमी बार्शीटाकळीचे. नागपूरले दीक्षा घेऊन आलो त्याले दुसरं वरीस लागलं होतं. आल्याबरोबर आमी घरातले देव काढले, आन देवायसंगं त्यायचे उपासही गेले. सोमवार, चतुर्थी, एकादशी, शिवरात्र, सगळे एका दमात. खोटं काहाले बोलू, मले सगळ्यात जास्त आनंद उपास गेल्याचा झाला. ज्याच्या टोपल्यात तसंही दोन्ही वक्ताची भाकर नसे, त्यानं अजून वरून उपास करावा, ही कोनाची अक्कल होती, देव जाने! आता देव म्हननंही सोडलं हाय, पन जिभेले कोन सांगते?

माह्या घरचे म्हंजे देवमन. नाव एकडाव घेतलं, आता घेत नाई. कापसातली सरकी काढाच्या जिनात बोजे वाहत. मानूस असा, का भाजीत मीठ नसलं तरी बोलनार नाई. त्या वर्षी ऐन हंगामात त्यायचं पोट दुखाले लागलं. बोजा उतरवला का तिथंच वाकून बसत, दोन्ही हात पोटावर. मुकादम मले म्हने, वहिनी, याले बरं करा, नाईतर मी दुसरा गडी पाहातो. तुले दुसरा गडी भेटन रे बाबा, मी दुसरा मानूस कुठून आनू? मले भेव त्याचं होतं.

म्हनून अकोल्याले नेलं, ताजनापेठेतल्या एका डॉक्टराकडे. तरनाच होता, चष्मेवाला, साफसुथरा. दवाखान्यात आलेल्या हरेक गड्याले तू म्हने. यायचं पोट दाबून पायलं आन म्हनला, "पोटात जखम आहे. भाकरी बंद, तिखट बंद, तुरीचं वरण बंद. साबुदाण्याची पेज, दूध आणि केळं घ्यायचं. तेही थोडंच. पोटाला विश्रांती दे."

मी म्हनलं, "पोटाले इश्रांती, आन आंगाले बोजे?"

"बाई, भाकरी जड असते."

"जड हाय म्हनून तर मानूस बोजा उचलते ना जी!"

डॉक्टर काई हसला नाई. कंपाउंडरानं गुलाबी औषधाची बाटली देली आन आमी निघालो. मोटारीत बसल्यावर माह्या ध्यानात आलं. साबुदाना, दूध, केळं. अवं माय वं! हा तर उपास! देवायले पुढच्या दारानं काढलं, तर ते डॉक्टराच्या दारानं वापस आले! मले लय हसू आलं, पन यायच्या तोंडाकडे पायलं आन ते जिथल्या तिथं जिरलं.

मंग काय, शिजवला साबुदाना. आमच्या घरी चहात टाकाले दूध नसे, तर मी गावातल्या इंदूबाईच्या गोठ्यात शेन काढू लागली आन तिच्या म्हशीचं दूध आनू लागली. रोज भिजवू, रोज शिजवू, तो चिकट गोळा त्यायच्या पुढे ठेवू. ते मुकाट्यानं खात. गाल आत गेले, सदरा खुंटीवर टांगल्यावानी दिसे. दुखनं मातर कमी होईना.

परत डॉक्टराकडे नेलं. तो म्हनला, "म्हणजे तू जास्त खातोस. अजून कमी कर."

"अजून कमी कराले उरलं काय साहेब?" मी म्हनलं. "आता ताटली चाटू द्याची का तेही नाई?"

"बाई, डॉक्टर मी आहे की तुम्ही?"

आता याले काय म्हनावं? शिकलेला मानूस. आपन गप बसलं तर उपाशी मारन, बोललं तर अडानी ठरवन. मी गप बसली आन घरी येऊन साबुदाना भिजत घातला.

अशात शिवरात्र आली. मले कुठं तिचं ध्यान? मी आंगनात बसून साबुदाना निवडून राहिली होती, तेवढ्यात शेषरावदादा आले. शेषरावदादा म्हंजे आमच्या वस्तीतल्या मंडळाचे अध्यक्ष. कोनाच्या घरात जुना देव परत येऊन तर नाई बसला, हे पाहाले सनावाराले वस्तीत फेरी मारत. मानूस सोन्यावानी, पन नजर पोलिसाची. माह्या पुढचं सूप पाहून जागच्या जागी थांबले.

"भागीरथा! शिवरात्र?"

"शिवरात्र नाई दादा, डॉक्टर."

"हा साबुदाना हाय का नाई?"

"हाय."

"दूध आनलं?"

"आनलं."

"आन भाकर?"

"भाकर बंद हाय."

"मंग उपास कशाले म्हनतात, बाई?"

माह्यं टाळकं सरकलं. "दादा, तुमाले इथं उपास दिसून राहिला, मले माह्या डोळ्यापुढे मानूस वाळून चाललेला दिसून राहिला! आत जाऊन पाहा, मंग मंडळाची सभा बोलवा!"

दादा आत गेले. खाटेवर पोटाशी पाय घेऊन पडलेले हे त्यायनं पायले. बाहेर आले तवा आवाज खाली आला होता. "चाला," म्हने, "उठवा त्याले. त्या डॉक्टरालेच इचारू."

आमी तिघंही मोटारीनं अकोल्याले गेलो. सन असल्यानं दवाखान्यात कोनी नव्हतं. डॉक्टर एकटाच टेबलापाशी बसला होता. दादायनं जयभीम घातला, घसा साफ केला, आता भाषन सुरू होनार, तेवढ्यात आतला पडदा हालला. घर दवाखान्याच्या मांगंच होतं. डॉक्टराची म्हातारी आई ताटली घेऊन आली. "अरे, दुपार झाली. फराळ करून घे."

ताटलीत साबुदान्याची खिचडी, एक केळं आन दुधाचा पेला.

मी ताटलीकडे पायलं. डॉक्टराकडे पायलं. म्हनलं, "साहेब, तुमचंही पोट दुखते का?"

"छे. आज शिवरात्र आहे ना."

"मंग यायची रोजच शिवरात्र कशी काय?"

"बाई, तो उपास नाही, ते पथ्य आहे," डॉक्टर म्हनला. "शास्त्रात आहे तसं."

"दाखवा," दादा म्हनले. "आमी आता वाचल्याबिगर काई मानत नाई."

डॉक्टर चिडला, पन मानूस खरा होता. फळीवरून जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं आन बोट फिरवू लागला. दूध सापडलं. पाव सापडला. बोट खाली खाली गेलं. उकडलेलं अंडं सापडलं, मासा सापडला, बारीक केलेलं मटनही सापडलं. साबुदाना काई सापडेना.

"अंडं हाय?" दादा जवळपास उडालेच. "मासा हाय? मंग सांगतला काहून नाई? आमाले चालते ना!"

"मला वाटलं…" डॉक्टर पुटपुटला. "म्हणजे, हलकं म्हटलं की आपलं…"

"अरे, साबुदाणा हलका असतो हे मीच नाही का तुला सांगायची?" म्हातारी मोठ्या कौतुकानं म्हनली. "लहानपणी ताप आला की तेच द्यायची मी तुला."

डॉक्टराचे कान लालभडक झाले. एवढं शिकून आला बिचारा, आन आमाले औषध म्हनून देल्लं काय, तं आईच्या हातची शिवरात्र! मी हसली. माह्यानं थांबलंच नाई. डॉक्टरही हसला, जरा उशिरानं.

दादा मातर आता रंगात आले. "पाहा! धरम कसा लपून बसते! डॉक्टराच्या टेबलातही…"

"दादा, सभा वस्तीत घ्या," मी म्हनलं. "साहेब, तुमचं चुकलं का पुस्तकाचं चुकलं, मले त्याच्याशी कर्तव्य नाई. या मानसानं खावं काय, तेवढं सांगा. तो मरून राहिला."

डॉक्टरानं पुस्तक मिटलं. खुर्ची ओढून यायच्या पुढे आनली. "देवमन, दुखतं केव्हा?"

"सकाळी उठल्यावर…" मी म्हनलं.

"जिनात बोजा उचलला का…" दादा म्हनले.

"तुम्ही दोघंही गप्प बसा. त्याला सांगू द्या."

यायनं माह्याकडे पायलं. मी म्हनलं, बोला ना जी!

"उपाशीपोटी दुखते साहेब," ते हळूच म्हनले. "पोटात काई पडलं का थांबते."

"म्हणजे? पेज घेतल्यावरही थांबतं?"

"थांबते जी. पन थोडकीच असते ना. मंग परत दुखते."

डॉक्टर खुर्चीत ताडकन सरळ बसला.

"अरे, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं नाई. तुमी म्हनलं कमी खा, मी कमी खाल्लं."

"आन मले?" मी वरडलीच. "मले सांगाले काय झालं होतं?"

"तू लोकायचं शेन काढून दूध आनत होती," ते म्हनले. "तुले अजून कसं मांगू?"

असा राग आला मले, असा राग आला! यायचा, डॉक्टराचा, त्या मुक्या सोभावाचा. डोळ्यातून पानी आलं ते रागाचंच होतं, कोनी काई म्हनो.

डॉक्टरानं चष्मा काढून हातात धरला. "बाई, याला मी उपाशी ठेवलं," तो म्हनला. "आजपासून पोट रिकामं राहू द्यायचं नाही. दर दोन-तीन तासांनी खायचं. भाकरी वरणात कुस्करून द्या. अंडं द्या."

"आन तिखट?"

"तिखटाचं मला नक्की माहीत नाही. त्यालाच विचारत जाऊ." मंग यायच्याकडे वळला. "आता दुखतंय?"

"हो जी."

सगळ्यायची नजर ताटलीवर गेली. डॉक्टरानं ती उचलली आन आईच्या हाती देली. "दे त्याला."

म्हातारीचा हात हवेतच थांबला. काहून थांबला, ते मले समजलं, दादायलेही समजलं. डॉक्टर आईकडे पाहत राहिला. मंग म्हातारी दोन पावलं पुढे आली आन तिनं ताटली यायच्या हातात ठेवली.

तरी हे खाईनात. दादायकडे पाहत बसले. शिवरात्रीचा दिवस, शिवरात्रीचा फराळ, आन अध्यक्ष समोर उभे! मले वाटलं, आता हे दादा काई बोलले तर त्यायले इथंच काय करू न काय नाई.

दादायनं मिशीवरून हात फिरवला. "खाय, देवमन," ते म्हनले. "भूक लागल्यावर खाल्लं, त्याले उपास म्हनत नाईत."

यायनं खाल्लं. खिचडी खाल्ली, केळं खाल्लं, दूध पेलं. कपाळावरची आठी माह्या डोळ्यादेखत सुटत गेली. मंग ताटली पुढे केली आन ज्या मानसानं माह्यापाशी कधी मीठ मांगलं नाई, तो त्या म्हातारीले म्हनला, "अजून हाय का जी?"

म्हातारी आत गेली आन कढईच घेऊन आली.