सीटवरचं प्लास्टिक

आमच्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक तीन वर्षं निघालं नव्हतं. शोरूममधून जसं आलं तसंच. उन्हाळ्यात पाठ चिकटायची, उतरताना पदर अडकायचा आणि ब्रेक मारला की मागे बसलेले सगळे पुढे घसरायचे. पण काढायचं नाव नाही. ते प्लास्टिक म्हणजे माझ्या सासऱ्यांची इभ्रत होती.

सासरे, जळबा, पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. रिटायर झाले आणि २००२ साली त्यांनी ही पांढरी गाडी घेतली. हिंगोलीत आमच्या वस्तीतली पहिली गाडी. वस्तीत कुणाचंही लग्न असो, नवरी तिच्यातूनच सासरी जायची आणि मामा, म्हणजे माझे सासरे, पुढच्या सीटवर ताठ बसून तिला पोचवायला जायचे. तो मान त्यांनी कमावला होता, हे मला आजही मान्य आहे. गाडीत बसलेली माणसं त्यांना गाडीइतकी दिसली असती तर बरं झालं असतं.

गाडी चालवायचा माझा नवरा, सुरज. आयटीआयमध्ये शिकवायचा. आठवडाभर त्याच गाडीने नोकरी आणि रविवारी त्याच गाडीने शर्यत. संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून ओरखड्याविना दारात लागली की मामांची हरकत नसायची. साखऱ्याकडच्या ज्या माळावर पूर्वी बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरायचा, तिथे चुन्याच्या रेघा मारून, जुने टायर रचून गाड्या पळवायचा नाद हिंगोलीतल्या काही हौशी लोकांना लागला होता. सुरज त्यांच्यात वेडा कमी आणि शहाणा जास्त. हेल्मेट घालणारा तो एकटाच. एका वळणावर गाडीचा साधा सीटबेल्ट लावलेला असूनही तो दारावर आपटला, तेव्हा त्याने शर्यतीचे पट्टे बसवायचं ठरवलं आणि पुण्याहून आणले. लाल, रुंद, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, मध्ये एकच बक्कल.

पट्ट्यांसोबतचा कागद त्याने मला वाचून दाखवला. मग मला खुर्चीत बसवून पट्टे माझ्याच अंगावर धरून दाखवले. खांद्यावरचे पट्टे सरळ मागे गेले पाहिजेत. ते खाली ओढून बांधले तर धडकेत तेच माणसाला वरून दाबतात आणि मणका चेपतो. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. आणि सीटवर बूड घसरता कामा नये. त्यासाठी मागच्या सीटच्या बुडाशी पत्र्याला भोकं पाडायची, पत्रा फाटू नये म्हणून खालून जाड लोखंडी पट्टी लावायची आणि तिथे बोल्ट कसायचे. शर्यतीपुरती मागची सीट काढून ठेवायची. एरवी रस्त्यावर साधा पट्टा आहेच.

"अर्ध्या दिवसाचं काम हाय," तो म्हणाला. लहान मुलासारखा खूश होता.

गाडी बाबूसिंगच्या गॅरेजात नेली. बाबूसिंग तांड्यावरचा, मामांचा जुना माणूस, मनाने चांगला. पण मामांना नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. मला पुढे बाजारात जायचं होतं म्हणून मीही सोबत होते. ड्रिल मशीन सुरू होणार तेवढ्यात मामा रिक्षातून उतरले. बाबूसिंगनेच फोन केला असणार.

"काहून? माझ्या गाडीला भोकं पाडून राहिला व्हय?"

"दादा, मॅटिंगखाली दिसणारबी न्हाईत," सुरज बापाला म्हणाला.

"मला म्हाईत राहील ना! वस्तीतल्या रत्नपालच्या लेकीचं लग्न हाय. नवरीला भोकं पाडलेल्या गाडीत बसवू?"

"आन् हे प्लास्टिकबी काढावं लागतं, दादा. त्याच्यावरून घसरतं."

प्लास्टिकचं नाव निघालं आणि मामांचा आवाज चढला. "माझ्या बापानं आख्खं आयुष्य टायरच्या चपला घातल्या. माझ्या दारात नवी गाडी हाय. मी जित्ता हाय तोवर ती नवीच दिसंल."

मला राहवलं नाही. "मामा, गाडीचं भोक बुजवता येतं. ह्यांना काही झालं तर ते कशानं बुजवायचं?" सगळ्यांदेखत बोलले. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुरजला म्हणाले, "बायकोला घरी ने."

मग बाबूसिंगने तोडगा काढला. "साहेब, तकलीफ काहून घेता? भोक न पाडता बसवतो. पुढच्या सीटच्या मागं जमिनीत सीटचेच बोल्ट हायेत. त्याच्यातच अडकवतो. मागची सीट हालत न्हाई, प्लास्टिक निघत न्हाई. एकदम बराबर."

झालं सगळ्यांचं समाधान. कुणाचं मन मोडायचं नाही, मग दुसरं काहीही मोडलं तरी चालेल, असला तोडगा काढण्यात आमच्याकडे सगळे पटाईत. पट्टे सीटच्या पाठीवरून थेट खाली जमिनीकडे गेले. कागदात जे करू नका म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच.

"सावकाश चालवीन," घरी येताना तो म्हणाला. "लग्न झालं की नीट बसवू."

शर्यतीत सावकाश! पण बापाचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती, आणि शर्यत सोडायचीही नव्हती.

लग्न झालं. नवरी थाटात गेली. पुढच्या रविवारी माळावर धुळीत त्याला वळण दिसलं नाही आणि गाडी कडेच्या नाल्यात तोंडावर गेली. नाला काही फार खोल नव्हता. शर्यत बघायला आलेली मी धावत गेले तर दार पहिल्याच झटक्यात उघडलं. रक्ताचा थेंब नाही. तो प्लास्टिकवरून घसरून पुढे गेला होता, कमरेचा पट्टा पोटावर चढला होता आणि लाल पट्टे खांद्यांत रुतले होते. शुद्धीवर होता.

"पल्लवी," तो म्हणाला, "माझे पाय कुठं हायेत, बघ बरं."

नांदेडला डॉक्टरांनी सांगितलं, वरून दाब येऊन मणका चेपला. कागदातलं ते वाक्य मला पाठ होतं. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, पट्टा होता म्हणून वाचला. मी चहा द्यायचे आणि संतापाने आत निघून जायचे.

गाडी लवकरच दुरुस्त होऊन उभी राहिली. बाबूसिंगने बॉनेट बदललं, रंग मारला, पैसे घेतले नाहीत आणि पुन्हा आमच्या दारात तोंड दाखवलं नाही. गाडीच्या तळाला आजही एकही भोक नाही.

सुरजला कमरेखाली काहीच कळत नाही. गादी रोज ओली होते. बाजारातून रबरी कापड आणा म्हणून मी मामांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे राहिले. हातात सीटवरचं प्लास्टिक. काढून, धुऊन, उन्हात वाळवून घडी घातलेलं.

"बाजारातलं पातळ राहते," ते म्हणाले. "हे जाड हाय. लेकराच्या खाली टाक."

ते त्यांच्या तोंडावर फेकावं असं मला वाटलं. मनापासून वाटलं. पण चादर ओली होती आणि सुरज वाट बघत होता. मामांनी त्याचे खांदे उचलले, मी कंबर उचलली, आणि प्लास्टिक गादीवर पसरलं.

"घसरतं का रं?" मामांनी विचारलं.

"न्हाई, दादा," सुरज म्हणाला. "आता कुठं घसरतो मी."