हिरवी पेंढी

मंगलनं मातीची चिमूट नाकाशी नेली, तशी राजनंदिनी ओरडलीच.

"अहो वहिनी, टाका ती! शिसं आहे त्यात."

"वास तर कायच न्हाई येत," मंगल हात झटकत म्हणाली.

कवठे महांकाळजवळच्या माळावरचा तिचा हा एवढाच तुकडा. बॅटऱ्या वितळवणारा भाडेकरू पसार झाला आणि जाताना जमिनीत विष ठेवून गेला. साफसफाईसाठी आलेल्या इंजिनिअर राजनंदिनीनं दोन वाटा सांगितल्या. वरची माती खरवडून न्यायची. काम झटपट, पण मागं नुसता मुरूम. नाहीतर सूर्यफूल लावायचं. मुळं शिसं ओढतात, मग रोपं उपटून लांब नेऊन टाकायची. पण त्याला वर्षानुवर्षं लागणार.

"झाड इष पितं व्हय?" मंगलला भारीच नवल वाटलं. "मग तेच लावा. माती न्हाई द्यायची. सासऱ्यांनी मेंढरं बसवून बसवून पिकाऊ केलीया ती."

कुंपण घालून एक वाफा लावून बघितला. मंगल रोज जाऊन पानं न्याहाळायची. दिसायला तर नेहमीसारखंच सूर्यफूल! उन्हाळ्यात रोपं उपटून कुंपणाच्या आत ढीग घातला. गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती.

सकाळी बघते तर चुलतसासरे नानासो ढिगातली पेंढी डोक्यावर घेऊन वाघराकडं, मेंढरं कोंडायच्या जाळीकडं निघालेले. आत मेंढरं भुकेनं ओरडत होती. मंगल धावत सुटली आणि तिनं पेंढी खाली ओढली.

"आवं मामंजी, इष हाय म्हणून सांगितलं व्हतं की तुमास्नी!"

"सांगितलंस गं. पर हिरवं हाय की! माळ सगळा करपलाय, आन् हे वाया घालवायचं?"

मंगलनं पेंढी उचलून परत ढिगावर टाकली. या माळावर हिरवी वैरण फेकलेली तिनं जन्मात पाहिली नव्हती. आपली मेंढरं उपाशी असती, तर आपला तरी हात थांबला असता का? नानासोंना समजावता येईल. पण दरसाल वाटेनं जाणाऱ्या कळपांना कोण सांगणार?

तिनं राजनंदिनीला फोन लावला. "ताई, माती उचला."

यंत्रानं रान खरवडलं, मागं नुसता मुरूम उरला. डंपर निघाला, तशी ती पदर खोचून ड्रायव्हरशेजारी चढून बसली.

"वहिनी, तुम्ही कुठं?" राजनंदिनीनं खालून विचारलं.

"माती जाणार तिथं."

"अहो, तिथं बंदिस्त खड्डा आहे. खाली जाड प्लास्टिक, वरून झाकण. काळजी नको."

"आसंल की," मंगल म्हणाली. "पर त्याच्यावर गवत उगवतंय का, तेवढं बघून येते."