शेजारच्या पेटीतल्या तिघी

मी पांढरी उंदरी बोलतेय. किंचाळू नका, तुमच्या घरात शिरणार नाहीये मी. बीळ कसं असतं तेही मला ठाऊक नाही. प्लास्टिकच्या पेटीत जन्मले, लाकडाच्या भुशात वाढले, आणि आता त्याच भुशात पडून आहे. पोट टम्म फुगलंय. लिव्हर गेलंय म्हणे.

शेजारच्या पेटीत माझ्या तिघी बहिणी आहेत. त्या जास्तीच्या, म्हणून त्यांना अजून सुई लागलेली नाही. दिवसभर खातात आणि एकमेकींच्या अंगावर झोपतात. मेल्यांना कशाची म्हणून काळजी नाही!

आम्हाला सांभाळते ती संशोधक ताई. सुई टोचण्याआधी शेपटी कोमट पाण्यात धरते, म्हणजे शीर वर येते आणि कमी दुखतं. औषध भरलेले कण तिनेच बनवले, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. रक्तातून थेट कॅन्सरच्या गाठीवर जायचे होते. गेले लिव्हरमध्ये, आणि तिथेच ठाण मांडून बसले.

परवा ती प्रयोगशाळेच्या मुख्य सरांना म्हणाली, "सर, हे निकाल सामायिक माहितीसाठ्यात टाकते. सगळ्या प्रयोगशाळांची कॉम्प्युटर मॉडेलं त्यावरच शिकतात. असा कण पुन्हा कुणी करायला घेतला, तर कॉम्प्युटरच सांगेल, नको. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा."

म्हणजे मी ठेच! चालेल की. माझ्यामागून दुसरी कुणी अशी तडफडू नये, एवढंच हवं होतं मला.

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "नापास झालेलं कोण टाकतं गं? सगळे पास झालेलंच टाकतात. आपण खपायचं आणि बाकीच्यांनी आयत्या बिळावर नागोबा व्हायचं? शिवाय तुझी नोकरी अजून पक्की नाही. झाकली मूठ राहू दे."

"पण सर..."

"नंतर बघू."

माणसांचं 'नंतर बघू' म्हणजे 'नाही'च असतं, हे उंदरालाही कळतं.

आज सकाळी समोरच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम आल्या, हसत हसत. "अहो, आमच्या कणाला मॉडेलने हिरवा कंदील दिला! तुम्ही करत होता ना, जवळपास तसाच आहे. उद्या टोचायचाय. जास्तीच्या उंदरी आहेत का हो?"

मॉडेल तरी काय करणार बिचारं? माझी गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

ताईने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "आहेत ना, घेऊन जा."

बोल गं, मी मनात म्हणत होते, आता तरी तोंड उघड. ताईने तिघींची पेटी उचलली, मॅडमच्या हातात दिली आणि म्हणाली, "पाणी आत्ताच बदललंय."

बहिणी झोपेत होत्या. एकीने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले.

आता ताई माझ्याजवळ उभी आहे. पाठीवरून बोट फिरवतेय, "सॉरी गं" म्हणतेय. ते सॉरी काय चाटायचंय मला? माझं संपलं, माझं सोड. मॅडम अजून व्हरांड्यात आहेत. चपलांचा आवाज लांब चाललाय. ताई, रडायचं ते नंतर रड. आधी हाक मार त्यांना. अगं, हाक मार ना!