कपाट क्रमांक चार

कपाट क्रमांक चार देव झालं ते अठ्ठ्याहत्तरच्या दसऱ्याला. त्याआधी ते साधं लोखंडी कपाट होतं आणि नाशकात द्वारका चौकाजवळच्या आमच्या सरकारी ऑफिसात माझ्याच टेबलामागं उभं होतं. त्या पावसाळ्यात हेडक्लार्क रंगनाथराव निवृत्त झाले. किल्ली दिली असं ते म्हणाले, मिळाली नाही असं नवे म्हणाले, आणि कपाट बंदच राहिलं.

कुलूप तोडायला वरची मंजुरी हवी. मंजुरीच्या अर्जाला ऑफिसच्या सामानाच्या नोंदवहीचा उतारा हवा. ती नोंदवही कपाटात. मी एकदा हातोडी घेऊन गेलो, तर साहेब शांतपणे म्हणाले की पगारे, विनापरवाना हात लावलात तर निलंबित व्हाल.

मला घाई होती, कारण त्या कपाटात माझ्या बायकोच्या बदलीची फाइल होती. विमल सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर शिक्षिका आणि मी नाशकात कारकून. दर दुसऱ्या शनिवारी ती यायची, रविवारी दुपारच्या एसटीनं परत जायची. लग्न झालेल्या माणसाला रविवार नकोसा व्हावा, याला काय म्हणायचं?

तर दसरा. शिपाई धोंडीरामनं टाइपरायटरपासून टाचणीच्या डबीपर्यंत सगळ्यांना झेंडू वाहिला आणि कपाटाला मोठा हार घातला. तो पुढं कुणी काढलाच नाही. लोक आपल्या कागदाची चौकशी करत, धोंडीराम हाराकडं बोट दाखवून खरं तेच सांगे, ‘त्याच्यात हाय.’ माणसं नकळत हात जोडत. एके दिवशी पिंपळगावचे द्राक्षवाले भिकनराव आले आणि त्यांनी कपाटाच्या मुठीवर सरळ नारळच फोडला. त्याच दुपारी त्यांचा कागद सापडला. तो साहेबांच्या चहाच्या बशीखाली होता. मी हे घसा कोरडा पडेपर्यंत सगळ्यांना सांगितलं, पण बशीचं माहात्म्य कुणाला पटेना.

महिनाभरात चतुराबाईंनी फाटकाशी नारळाची टोपली मांडली. वर्षभरात टोपलीची टपरी झाली. साध्या अर्जाला साधा नारळ, बदलीला शेंडीचा, अशी प्रतवारीही त्यांनीच लावली. जे नारळ न फोडता नुसते वाहिले जात, ते धोंडीराम मागच्या दारानं टपरीवर पोचवी. एकेक नारळ दिवसातून चार-चार वेळा देवाला भेटून येई. साहेबांची एवढीच हरकत होती की या नारळांची कुठं नोंद होत नाही. मग त्यांनी नारळांसाठी वेगळी आवक नोंदवही उघडली आणि ती लिहायचं काम मला दिलं.

सगळे मला सांगत, पगारे, एक नारळ फोडा आणि बायकोला आणा. पण माझ्या बापानं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन घरातले देवांचे टाक गंगेत सोडले होते. त्याचा मुलगा मी, लोखंडी कपाटापुढं नारळ फोडू? नाही फोडला. रविवारी विमलला एसटीत बसवताना मात्र मला स्वतःचा आणि थोडा बापाचाही राग यायचा, हे कबूल करतो.

तीन वर्षं नारळ खाऊन कपाटाची मूठ खिळखिळी झाली. एक्क्याऐंशीत भिकनराव दुसऱ्या कामासाठी आले, बाह्या सरसावून त्यांनी नारळ हाणला आणि कुलपासकट कडीच निखळली. दार उघडलं. सगळ्यांनी डोळे मिटले, मी मात्र आत घुसलो. विमलची फाइल वरूनच पाचवी होती. तिच्यात बदलीचा आदेश होता, सहीशिक्क्यासह, रंगनाथराव निवृत्त झाले त्याच्या आदल्या दिवसाचा. फक्त पाठवायचा राहिला होता. ‘सदर शिक्षिकेस तात्काळ कार्यमुक्त करावे.’

मी खाली फरशीवर बसलो आणि रडलो. मला साक्षात्कार झाला असं वाटून भिकनराव माझ्या पाया पडले.

विमल गंगापूर रोडच्या शाळेत रुजू झाली. नवव्या दिवशी पत्र आलं: तात्काळ रुजू होण्याचा आदेश असताना तीन वर्षे विलंब का झाला, याचा खुलासा करावा, अन्यथा आदेश रद्द समजला जाईल. मी खुलासा लिहिला, कपाट बंद होते. साहेबांनी तो परत केला. म्हणाले, यात ऑफिसवर ठपका येतो. नियमात तीनच कारणं बसतात. आजारपण, पूर किंवा धार्मिक. आजारपणाला डॉक्टरचा दाखला लागतो, पुराला पंचनामा लागतो.

‘धार्मिकला काही लागत नाही,’ साहेब मायेनं म्हणाले. ‘धार्मिक लिहा.’

कागद घेऊन घरी आलो. लिहायला हात होईना. विमल भाकरी थापत होती. तिला म्हटलं, तीन वर्षं तुझ्याविना काढली, पण नारळ फोडला नाही, तो काय शेवटी हे लिहायला?

तिनं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले, माझ्या हातातलं पेन घेतलं, रकान्यात ‘धार्मिक कारणास्तव’ असं ठसठशीत लिहिलं आणि खाली सही केली.

‘अहो, खोटं काय आहे त्यात?’ ती म्हणाली. ‘कारण धार्मिकच होतं. फक्त तो धर्म आपला नव्हता.’